पायातून पोटाकडे

आषाढात इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे भाताची आवणी सुरू झाली की बांधाबांधावर अनवाणी पावले दिसतात. पायाला खाज सुटली की लोक ‘चिखल्या झाल्या’ म्हणतात. बहुधा ते खरेच असते. पण तशाच खाजेमागे कधी अंकुशकृमीची अळीही असते. जंत तोंडावाटेच पोटात जातात, असे मी कित्येक वर्षे मानत होतो. हा जंत मात्र पायातून शिरतो.

त्यासाठी त्याला रूप पालटावे लागते. विष्ठेतून पडलेले अंडे सावलीतल्या उबदार, ओल्या मातीत एक-दोन दिवसांत फुटते. त्यातली अळी मातीतले जिवाणू खाते, दोनदा कात टाकते आणि ५ ते १० दिवसांत वेगळीच होते. दुसरी कात ती अंगावरच पांघरून ठेवते, खाणे थांबवते आणि साठवलेल्या शक्तीवर तीन-चार आठवडे वाट पाहू शकते. त्वचेतून शिरल्यावर ती रक्तातून हृदयात, तिथून फुफ्फुसांत जाते. श्वासनलिकेने वर घशाशी येते आणि गिळली जाऊन लहान आतड्यात पोहोचते. तिथे तिचा सेंटीमीटरभर लांबीचा, आतड्याला चिकटून रक्त पिणारा कृमी होतो.

हा मार्ग योगायोगाने उलगडला. कैरोमध्ये आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर अळ्यांचे पाणी सांडले. आधी खाज सुटली, पुढे त्यांच्याच विष्ठेत अंडी सापडली. १८९८ मध्ये त्यांनी हे मांडले.

या रूपांतरात एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. एका अंकुशकृमीचे पोटात दहा होत नाहीत. त्याची अंडी मातीत पडल्यावरच फुटतात. पोटात शंभर कृमी असतील, तर निदान शंभर अळ्या बाहेरून शिरलेल्या असतात. नेकेटर जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त दवडतो. शंभरांचे ३ मिलिलिटर झाले. पाळी आणि बाळंतपणात आधीच लोह गमावलेल्या बाईला हे परवडणारे नाही.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती मुलांना द्यावीच. पण ती आतड्यातल्या रूपाला गाठते; मातीतल्या अळीपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. चप्पल अळीला अडवते, पण आवणीच्या चिखलात चप्पल रुतते. मग खरा भार शौचालयावर येतो, आणि वापरायला त्यात पाणी लागते.