नेटलेचें लष्करी रुग्णालय

विलायतेंत साउदॅम्प्टन बंदराजवळ पाव मैल लांबीची एक भव्य इमारत समुद्राकडे तोंड करून शंभर वर्षें उभी होती. क्रिमियाच्या युद्धांत शत्रूच्या गोळ्यांपेक्षां रोगांनींच अधिक सैनिक मेले, तेव्हां सरकारास जाग आली, व मे १८५६ मध्यें राणी व्हिक्टोरियाच्या हस्तें या रुग्णालयाचा पाया घातला गेला.

त्याच वर्षीं युद्धावरून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं नकाशे पाहिले आणि त्या चकित झाल्या. समुद्राच्या अंगास लांबच लांब पडवी, आणि रोग्यांचे दिवाणखाने मात्र मागल्या अंगणाकडे! ज्यांस उजेड व मोकळी हवा हवी, त्यांच्याच वाट्यास ती नाहीं. (आमच्याकडेहि बाळंतिणीची खोली बहुधा घरांत सर्वांत अंधारी असे.) मुख्य प्रधान पामर्स्टन यांस बाईंचें म्हणणें पटलें; पण बांधकाम बरेंच पुढें गेलें होतें, पैसाहि खर्च झाला होता. किरकोळ फेरफारांवर भागविलें, आणि १८६३ सालीं रुग्णालय उघडलें.

आमच्या देशाशींहि नेटलेचा संबंध आहे. लंडनची परीक्षा उतरलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे उमेदवार, त्यांत कांहीं हिंदी तरुणहि, पुष्कळ वर्षें येथेंच लष्करी वैद्यक शिकत. येथील विद्यालयांतच १८९६ च्या सुमारास आल्मरॉथ राइट यांनीं विषमज्वरावरील लस सिद्ध केली.

१९६६ सालीं मुख्य इमारत पाडण्यांत आली. मधलें प्रार्थनामंदिर तेवढें राखलें असून सभोंवतीं आतां सार्वजनिक उद्यान आहे.