दोन माणसांचे बिऱ्हाड

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचाही बांध गेला आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले, त्या दिवशी नारायण पेठेतले माझे आजोळ एका सकाळीत उठले. काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे याचा निवाडा माणसांना करावाच लागला नाही. तो पाण्याने केला, आणि त्यावर अपील नव्हते. पुढे काही काळ निसेन हटच्या अर्धगोल पत्र्याखाली काढून ते कुटुंब पूरग्रस्तांच्या एका सहकारी सोसायटीतून सहकारनगरात स्थिरावले, आणि त्या वेळी शाळेत जाणारे माझे थोरले मामा तिथेच नोकरीला लागले, संसारी झाले, लष्करी लेखा कार्यालयातून निवृत्त झाले आणि ऐंशीला टेकले. आता त्यांनी आणि मामींनी भूगावच्या पुढे नव्याने उभ्या राहिलेल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत एक सदनिका घेतली, आणि आयुष्यातले हे दुसरे स्थलांतर मात्र एकेका जिनसेपुढे थांबून, स्वतःच्या हाताने निवाडा करीत पार पाडायचे ठरवले. त्या कामात पडेल ती मदत करण्यासाठी मी त्यांच्याकडे जात-येत होतो.

कारण साधे होते. मामींच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली, घर वरच्या मजल्यावर, मुलगा बंगळुरात आणि मुलगी मेलबर्नला. मुलाने आग्रह केला नाही असे नाही. त्याच्या घरी त्यांना आदराने ठेवून घेतले गेले असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु आपल्या दिवसाचा क्रम आपण ठरवावा, आपल्या दारावर आपले नाव असावे, आणि तरीही रात्री-अपरात्री हाक मारल्यास कोणी धावून यावे, या तीन गोष्टी एकत्र मिळण्याची तजवीज त्यांना हवी होती. तळमजल्यावर धाकट्या मामांचे कुटुंब राहते. त्यांच्या नावे वरच्या मजल्याचे हक्कसोडपत्र करून देऊन मोबदला घ्यावा आणि त्यात निवृत्तीच्या शिलकीची भर घालावी, एवढा हिशेब मामांनी एका कागदावर मांडला आणि तो अखेरपर्यंत चुकला नाही.

पुण्यात ‘अथश्री’सारख्या वसाहती या शतकाच्या आरंभापासून रुजल्या, तरी कित्येकांच्या मनात अजून वृद्धाश्रम आणि अशी वसाहत यांतील भेद स्पष्ट झालेला नाही. वृद्धाश्रमात माणूस जागा घेतो. इथे तो घर घेतो, त्याचा करारनामा दुय्यम निबंधकापुढे नोंदवला जातो, मुद्रांक भरला जातो आणि सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यावर त्याचे नाव चढते. उलट, हे रुग्णालयही नव्हे. मामांनी हातात पेन्सिल घेऊन कराराचा मसुदा कलमवार वाचला आणि तीन कलमांच्या समासात खुणा केल्या: दोघांपैकी एक गेल्यास दुसऱ्याच्या वास्तव्याचे काय, वारसांचा हक्क कोठवर, आणि अंथरुणाला खिळण्याची पाळी आली तर काय. वसाहतीच्या व्यवस्थापकांनी आडपडदा न ठेवता उत्तरे दिली. मागे राहणाऱ्याचे वास्तव्य अबाधित. वारसांना मालकी मिळेल, पण वयाची अट पुरी केल्यावाचून त्यांना इथे कायमचे राहता येणार नाही. परिचारिका, रुग्णवाहिका आणि डॉक्टरांची फेरी आहे, परंतु अहोरात्र शुश्रूषा लागल्यास परिचारक आपल्या खर्चाने ठेवावा लागेल. ‘हे लेखी द्या,’ मामा म्हणाले, आणि ते कराराला जोडलेल्या परिशिष्टात आल्याची खातरजमा करूनच त्यांनी सही केली. या व्यवहारात उतरणाऱ्या प्रत्येकाने ही तीन उत्तरे आधी मागावीत, असे मी आवर्जून सांगेन. बागेचे आणि सभागृहाचे चित्र नंतरही पाहता येते. नोंदणीच्या दिवशी मामींच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना, इतक्या त्याच्या रेषा भांडी घासून झिजल्या होत्या. तिथल्या मुलीने तो ओल्या फडक्याने पुसला, हलकेच दाबून धरला, आणि ठसा उमटला.

ताबा मिळण्यापूर्वीच मामांनी आलेख-कागदावर सदनिकेचा आराखडा काढला, एक चौकट म्हणजे अर्धा फूट या प्रमाणात, आणि पलंग, टेबल, शिवणयंत्र, कपाट, आरामखुर्ची यांचे पुठ्ठ्याचे तुकडे त्याच प्रमाणात कापून ते आराखड्यावर सरकवण्याचा उद्योग आरंभला. सहकारनगरच्या घरातल्या वस्तूंपैकी निम्म्याही त्यात मावणार नव्हत्या. त्या तुकड्यांत पाच फूट व्यासाची एक गोल चकती होती, आणि ती कोणत्या सामानाची हे मला उमगेना. मामींनीही विचारले, ‘अहो, हे गोल काय?’ चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी वळायला एवढी मोकळी जागा लागते, असे मामांनी सांगितले. ‘कोणाची खुर्ची?’ ‘ज्याला लागेल त्याची.’ मामींनी एक क्षण त्या चकतीकडे पाहिले, आणि मग स्वतःच्या हाताने दिवाणाचा तुकडा उचलून बाजूला ठेवला. दिवाण नव्या घरी जायचा नाही, हे अशा रीतीने ठरले.

स्वयंपाकघराचा कारभार सर्वस्वी मामींचा होता. त्यांनी कसोटी एकच लावली: गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत या वस्तूला हात लागला की नाही. या कसोटीला पुरणयंत्र उतरले, चिनी मातीच्या बरण्यांपैकी दोन उतरल्या. पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, वीस पानांच्या पंक्तीला पुरणारी पितळी पातेली उतरली नाहीत. परंतु त्या भांड्यांवर नावे होती. आपल्याकडे लग्नामुंजीत दिल्या जाणाऱ्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेण्याचा शिरस्ता होता, आणि त्यामुळे प्रत्येक पातेले म्हणजे एका नात्याची नोंद होऊन बसलेले. मोडीचा व्यापारी काटा घेऊन दारात बसला होता, आणि मामी भांडे त्याच्या हाती देण्यापूर्वी काठावरचे नाव बोटाने चाचपून मोठ्याने वाचत होत्या: कोणती आत्या, कोणते साल, कोणाचे लग्न. व्यापारी जुना होता, त्याने घाई केली नाही. प्रत्येक नाव वाचून होईपर्यंत तो काट्याचे पारडे हाताने धरून राहिला. कल्हईची आणि डागाची घट वजा जाऊन आकडा लिहिला गेला, तोही मामींनी पडताळला. एक लहान वाटी त्यांनी शेवटी काढून घेतली. तिच्यावर त्यांच्या आईचे नाव होते.

हे काम मुलांनी किंवा ठेकेदाराने परस्पर केले असते तर दोन दिवसांत आटोपले असते, आणि तसे करण्याचा सल्ला मामांना अनेकांनी दिलाही होता. आईवडील इस्पितळात असताना किंवा नात्याच्या एखाद्या घरी ‘विश्रांतीला’ पाठवलेले असताना त्यांचे घर रिकामे करणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, परंतु परत आलेल्या माणसाला आपल्या आयुष्यातले काय गेले याची यादीदेखील मिळत नाही, आणि तो पुढे महिनोन्‌महिने एखादी चिमटी, एखादी वही शोधत राहतो. घर आवरण्याचा अधिकार ज्याने ते मांडले त्याचा आहे, आणि तो हातपाय चालत असतानाच बजावावा लागतो. मामा-मामींनी ही वेळ साधली, याचे मला मनापासून समाधान वाटते.

मामांचे दप्तर त्याहून अवघड निघाले. विजेची बिले, घरपट्टीच्या पावत्या, मुलांची प्रगतिपुस्तके, बँकेची बंद झालेली पासबुके, सारे वर्षवार फडक्यांत बांधलेले. ज्यांच्यावाचून कोणाचा हक्क अडणार नाही ते कागद फाडायचे, हा दंडक त्यांनी स्वतःच घातला आणि कठोरपणे पाळला; मात्र आजोबांच्या नावाचा, कडा पिवळ्या पडलेला, पूरग्रस्त असल्याचा दाखला हाती आला तेव्हा तो फाडण्याच्या ढिगातही गेला नाही आणि ठेवण्याच्या ढिगातही नाही, तो खिशात गेला. पुस्तकांपैकी बरीचशी वसाहतीच्या वाचनालयाला दिली.

उरले ते सागवानी कपाट. नारायण पेठेतल्या माडीवरून वाचलेली ही एकच मोठी वस्तू. पाणी चढले होते तिथवरची मळकट रेघ तळापासून दीड हातावर अजून दिसते, आणि आजीने ती कधी पॉलिशखाली जाऊ दिली नाही. सुटे केल्यावाचून ते कपाट जिन्यावरून खाली येणार नव्हते. सुताराला बोलावले. त्याने आधी पाठीच्या फळ्या सोडवल्या, मग सांध्यांतल्या लाकडी खुंट्या मागच्या बाजूने हलक्या ठोक्यांनी बाहेर काढल्या, कारण साऱ्या कपाटात एकही खिळा नव्हता. भाग उलटसुलट होऊ नयेत म्हणून खुणा करायला त्याने खडू हातात घेतला आणि सांध्याच्या आत पाहून तो परत खिशात ठेवला. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना पटाशीच्या बारीक चिरा होत्या: एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्याने कपाट घडवले त्याने ते पुन्हा जोडायची सोयही करून ठेवली होती. ‘काका, हे बघा, मिस्त्रीनं लिहून ठेवलंय,’ सुतार म्हणाला, आणि मामा कितीतरी वेळ त्या चिरांवरून बोट फिरवीत उभे राहिले.

टेम्पो सकाळी लवकर निघाला. वारजे, चांदणी चौक आणि पौड रस्ता हा मार्ग मुकादमाने रहदारीचा अंदाज घेऊन ठरवला होता. देव मात्र टेम्पोत गेले नाहीत. मामींनी ते रेशमी वस्त्रात गुंडाळून मोटारीत मांडीवर घेतले. वसाहतीच्या इमारतीशी पोचताच मुकादमाने सामान उतरवण्यापूर्वी टेपने लिफ्ट मोजली आणि त्याचा चेहरा उजळला. ‘खोल आहे लिफ्ट, कपाटाच्या बाजू आडव्या जातील.’ ती खोली रुग्णाच्या खाटेसाठी राखलेली होती, हे मामींच्या ध्यानात आले. त्या काही बोलल्या नाहीत, हमालांना गोणपाट नीट अंथरायला सांगू लागल्या.

अशा इमारतीचे शहाणपण तपशिलांत असते आणि ते घाईत फिरणाऱ्याला दिसत नाही. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले: ९०० मिलिमीटरहून रुंद दारे, जिन्याच्या दोन्ही अंगांना कठडे, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या. इथे ते सारे होतेच. शिवाय विजेची बटणे खांद्याखाली, प्लगच्या जागा गुडघ्याच्या वर, म्हणजे वाकायला नको. परंतु दाराला उंबरठा नव्हता. पाय अडखळू नये आणि चाक अडू नये म्हणून तो मुद्दाम वगळला होता, हे पटण्यासारखे असले तरी साठ वर्षे उंबरठ्यावर रांगोळी रेखणाऱ्या बाईने ती आता काढायची कोठे? मामींनी विचार केला, येण्याजाण्याच्या वाटेवर पावडर सांडली तर पाय घसरेल हेही त्यांनीच बोलून दाखवले, आणि दाराच्या उजव्या अंगाला, पावलांच्या वाटेबाहेर, वीतभर गोपद्म काढून त्या मोकळ्या झाल्या. मग शेगडीवर दूध उतू घातले.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. जेवणे वसाहतीच्या भोजनगृहात झाली. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, मीठ बेताचे. परत आल्यावर मामांनी सगळे दिवे मालवले आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट अंधारात चालून पाहिली. पहिल्या खेपेस आरामखुर्चीचा हात लागला, ती भिंतीशी सरकवली; दुसऱ्या खेपेस पायपोस सरकला, तो गुंडाळून ठेवला. मग मामींना चालायला लावले. त्यानंतर पलंगाशेजारची मदतीची दोरी ओढली. खालून फोन येऊन मागोमाग परिचारिका दारात आली, तेव्हा मामांनी तिची क्षमा मागितली आणि दोरी चालते की नाही एवढेच पाहायचे होते, असे सांगितले. ‘सगळ्यांनी पहिल्या रात्री ओढावीच, काका,’ ती म्हणाली.

पत्ता बदलण्याची कामे पुढे रेंगाळली: मतदारयादीसाठी नमुना क्रमांक ८, बँक, आधार, आणि नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यापूर्वी निवृत्तिवेतनाच्या दप्तरात नवा पत्ता. मामींनी सकाळचा स्वयंपाक घरी आणि संध्याकाळचे जेवण भोजनगृहात असा क्रम बसवला. समोरच्या सदनिकेत साताऱ्याहून एक जोडपे यायचे आहे. त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी मामींजवळच होतो. चौकशी भाजीवाल्याची आणि कामवाल्या बाईची होती. मामींनी दोन्हींची उत्तरे दिली आणि मग आपला प्रश्न विचारला: ‘तुमच्या पलंगाची लांबी-रुंदी किती आहे? मोजून सांगा. यांच्याकडे आलेख-कागद उरलाय.’