‘आजवर झाले नाही’ हे तारण नव्हे

ऑगस्ट २०२० च्या अखेरची ती रात्र मी विसरू शकत नाही. भंडारा शहरात आमच्या मेहुण्यांचे किराणा दुकान आहे. वैनगंगा वाढत असल्याचे कळताच त्यांनी मला अड्याळला फोन केला, ‘‘भाऊजी, खालचा माल माळ्यावर चढवू का?’’ मी म्हणालो, ‘‘इतक्या वर्षांत दुकानात कधी पाणी शिरले का? निश्चिंत झोपा.’’ पहाटे गहू-तांदळाच्या खालच्या थप्प्या पाण्यात बुडाल्या होत्या. बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाचा हा सल्ला! मागील व्यवहार चोख आहेत एवढ्यावर विनातारण कर्ज देऊ नये, हे मीच कनिष्ठांना शिकवीत असे.

तो पाऊस मुख्यतः आपल्या अंगणात पडलाच नव्हता. वैनगंगा मध्यप्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिकडे अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले आणि आमच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. तरीही आपल्याला काही तासांचा अवधी मिळतो, कारण पाणी दुरून येते. डोंगराच्या कुशीतील गावांना तेवढाही मिळत नाही.

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. १५१ जीव गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. तेथे जाण्यास केवळ पायवाट होती. यंत्रसामग्री वर नेता येईना. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोधकार्य थांबवावे लागले. विशेष म्हणजे दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत इरशाळवाडीचे नावच नव्हते. तेथेही ‘आजवर झाले नाही’ यावरच सारी भिस्त होती.

डोंगर का सुटतो, हे समजणे कठीण नाही. खाली कातळ आणि वर झिजलेल्या खडकाची जाड माती असते. सततच्या पावसाने मातीत पाणी मुरते, तिचे वजन वाढते व कणांची परस्परांवरील पकड सैल होते. त्यात उताराचा पायथा रस्त्यासाठी वा बांधकामासाठी कापलेला असेल, झाडे तोडलेली असतील, तर आधारच नाहीसा होतो.

मात्र डोंगर बहुधा पूर्वसूचना देतो. जमिनीला नव्या भेगा पडतात. झाडे व विजेचे खांब कलतात. भिंतींना तडे जातात, दारे घट्ट बसू लागतात. नवे झरे फुटतात किंवा नेहमीचे झरे एकाएकी गढूळ होतात. अशी चिन्हे दिसताच, विशेषतः मुसळधार पाऊस चालू असता, सामानसुमानाचा मोह सोडून सुरक्षित स्थळी गेले पाहिजे.

आपण व्यापारी कुटुंबांनी यातून काय घ्यावे? लोणावळा, महाबळेश्वरकडे बंगल्यासाठी भूखंड घेताना आपण सातबारा पाहतो. त्याबरोबर वरचा उतार आणि पाण्याची वाटही पाहावी. ओढ्याचे पात्र बुजवून वा टेकडी कापून पाडलेला भूखंड स्वस्तात मिळाला तरी महाग पडतो. डोंगरावरील तीर्थक्षेत्रांच्या विश्वस्तांनी धर्मशाळेमागील कड्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी जाणकारांकडून करवून घ्यावी. दुकानाच्या विम्यात पूर व भूस्खलन यांची जोखीम समाविष्ट आहे का, ते पॉलिसी उघडून वाचावे. मेहुण्यांच्या पॉलिसीत पुराचे संरक्षण नव्हते आणि आम्ही दोघांनीही ती कधी वाचली नव्हती.

आणखी एक विनंती. दुर्घटना घडली की आपला समाज धान्य, कपडे, औषधे घेऊन धावतो. ते पुण्यकर्मच आहे. परंतु बुडीत कर्जाची तरतूद कर्ज बुडण्याआधी करावी लागते. त्याच न्यायाने आपल्या दानाचा काही भाग जूनपूर्वी खर्च व्हावा: डोंगरवस्तीसाठी पर्जन्यमापक, भोंगा, पावसाळ्यापुरता पक्का निवारा. ज्यांचे प्राण त्यामुळे वाचतील, त्यांची नावे कोणत्याही वृत्तपत्रात छापून येणार नाहीत. तीच या दानाची खरी पावती होय.

मेहुणे आता जूनच्या पहिल्याच आठवड्यात खालच्या थप्प्या माळ्यावर चढवितात. मला विचारीत नाहीत.