जुनं ते सोनं? आधी पोलाद बघा!

रीसेलचा फ्लॅट की नवी स्कीम? जुनी बुलेट की शोरूममधली कोरी? ऑफिसच्या कँटीनमध्ये हा वाद रोज रंगतो. अमेरिकेत याच वादाचं एक जाम गंभीर व्हर्जन आहे. तिथली हौशी मंडळी आपल्या मापाची, आपल्या पसंतीची बोल्ट-अॅक्शन रायफल खास बनवून घेतात. आणि पहिलाच प्रश्न पडतो : पाया म्हणून जुनी रायफल घ्यायची की नवी?

आधी बेसिक फंडा. बोल्ट म्हणजे चक्क दाराची कडी. उचला, मागे ओढा, रिकामं काडतूस बाहेर. पुढे ढकला, नवं आत. खाली पाडा, दार बंद! कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात ब्राँझ मिळवलं, त्यातही साधारणपणे अशीच कडीवाली, पण छोट्या काडतुसाची रायफल असते.

ही कडी आणि तिची चौकट म्हणजे ‘अॅक्शन’. नळी, दस्ता, ट्रिगर, सगळं बदलता येतं. अॅक्शन मात्र कायमची. गोळी सुटते तेव्हा तुमच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर उसळलेला दाब तीच अडवून धरते. त्यामुळे इथे चॉइस चुकवून चालत नाही.

जुन्याचा थाट

१८९८ मध्ये जर्मन सैन्यानं माउझर ९८ स्वीकारली. तिच्या बोल्टला एक लांब, दणकट पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून सुटलं रे सुटलं की हा पंजा त्याला धरतो आणि थेट नळीत नेऊन बसवतो. १९३६ मध्ये विंचेस्टरनं मॉडेल ७० काढलं, तेही पंजावालंच. जॅक ओकॉनर या गाजलेल्या शिकार-लेखकाची लाडकी पॉइंट २७० रायफलसुद्धा याच अॅक्शनवर अल बीसेन या कारागिरानं घडवलेली.

मग आलं १९६४. खर्च कमी करायचा म्हणून कंपनीनं मोठा पंजा काढून टाकला आणि दस्त्यावरची नक्षी कोरायच्या ऐवजी दाबून छापली. गिऱ्हाईक भडकलं! ‘प्री-सिक्स्टीफोर’ हा शब्दच एक ब्रँड होऊन बसला आणि त्या जुन्या रायफलींना आजही चढा भाव मिळतो. शेवटी १९९० च्या दशकात कंपनीला पंजा परत आणावा लागला. २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद पडला. २००८ मध्ये साउथ कॅरोलायनात उत्पादन पुन्हा सुरू झालं, पंजासकट.

पण जरा थांबा...

म्हणजे जुनंच भारी? तर नाही. अमेरिकन सैन्याच्या स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलीची गोष्ट ऐका. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिच्या काही चौकटी फुटल्या. चौकशीत कळलं, की पोलाद किती तापलं हे मुरलेले कारागीर नुसत्या नजरेनं, रंगावरून ठरवत होते. मोजायची उपकरणं लावल्यावर दिसलं, की ढगाळ दिवशीच्या मानानं कडक उन्हात ‘बरोबर’ वाटणारं तापमान तब्बल ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त असायचं. पोलाद जळून ठिसूळ! स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या नंबरांकडे आजही संशयानं बघतात. हात कसलेले होते हो. फक्त त्या दिवशी ऊन होतं.

नव्याची सोय

१९६२ ची रेमिंग्टन ७०० बनवायला सोपी, गोल चौकटीची. तिच्यासाठी इतके सुटे भाग निघाले, की आज कित्येक कंपन्या स्वतःची अॅक्शन तिच्याच मापानं बनवतात. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींमुळे माप इतकं काटेकोर, की काही अॅक्शनना दुसरीकडे तयार झालेली नळी सरळ बसते.

जुन्या लष्करी माउझरचं मात्र रीसेल फ्लॅटसारखं आहे. घेताना स्वस्त, पण नंतर प्लंबिंग! दुर्बिणीसाठी भोकं पाडा, दुर्बिणीला अडणारी कडीची मूठ बदला, सेफ्टी बदला. मजुरी किमतीच्या वर जाते.

तीन प्रश्न विचारा

• कशासाठी हवी? कागदी निशाण्यावर अचूकता हवी तर नवी अॅक्शन सरस. पंजा हवा असेल तर तो जुन्यातही मिळतो, नव्यातही.

• तपासली कुणी? नंबर बघा, आणि कडी बंद झाल्यावर काडतुसाला नेमकी किती जागा उरते ते गनस्मिथकडून मोजून घ्या.

• जशीच्या तशी राहिलेली जुनी रायफल आहे का? मग तिला हात लावू नका. एक भोक पाडलंत, की संग्राहकांच्या लेखी किंमत घसरली.

आपल्याकडे मामला वेगळा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हवाच, आणि बदल करायलाही परवानाधारक कारागीरच लागतो. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद. हौस असेल तर रायफल क्लब गाठा.

बाकी नियम तोच, स्थळ बघतानाचा. नुसतं वय ऐकून कुणी होकार देत नाही. घराणं बघा, तब्येत बघा, चौकशी करा. मगच हो म्हणा!