पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो?

सी. पी. अँड बेरार सर्किटच्या चित्रपट वितरकांची कार्यालयं अमरावतीत होती. रिळांच्या पेट्या तिथून वऱ्हाडातल्या टॉकीजांकडे निघायच्या. त्या रिळांत सेकंदाला २४ चित्रं असत, पण पडद्यावर उजेड पडे तो ४८ वेळा, कारण प्रोजेक्टरचं फिरतं शटर एकेक चित्र दोनदा दाखवी. हालचाल भासायला २४ चित्रं पुरतात. उजेडाची उघडझाप डोळ्याला खुपू नये, यासाठी मात्र दुप्पट वेग लागतो. हालचाल वेगळी, लुकलुक वेगळी. लॅपटॉप घेताना नेमकी याच दोन गोष्टींची गल्लत होते.

रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असेल, तर पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो आणि एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. १२० हर्ट्झला तेच ८.३ मिलिसेकंद. जुन्या काचेच्या डबा मॉनिटरवर रंगवलेली ओळ लगेच विझायची, म्हणून ६० हर्ट्झवर डोळे शिणत आणि ७५ किंवा ८५ वर बरं वाटे. दर वाढवण्याचा सल्ला तेव्हा खराच होता. आजच्या एलसीडीत मात्र पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं जागेवर राहतं, मागचा दिवा वेगळा जळतो. लुकलुक जाणवलीच तर ती बहुधा त्या दिव्याची, उजेड मंद करण्याच्या पद्धतीमुळे आलेली असते. केवळ डोकेदुखीसाठी १४४ हर्ट्झचे जादा पैसे मोजू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

जास्त दराचा खरा लाभ हलत्या गोष्टींत दिसतो. लांबलचक पान सरकवताना अक्षरं कमी पुसट होतात. गेममध्येही फरक पडतो, पण ग्राफिक्स चिप सेकंदाला ४५ चित्रंच बनवत असेल तर १४४ चा पडदा नवी चित्रं आणणार कुठून? आणि सिनेमा! ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोन फेऱ्या टिकतं, तर पुढचं तीन. कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा दृश्य अडखळतं ते यामुळे. १२० वर प्रत्येक चित्राला बरोबर पाच फेऱ्या मिळतात.

पारसच्या औष्णिक केंद्रातून येणाऱ्या ५० हर्ट्झ विजेशी रिफ्रेश रेटच्या आकड्याचा संबंध नाही. ॲडॅप्टर तिचा एकदिश प्रवाह करून टाकतो. जुन्या चोकची ट्यूबलाइट मात्र त्याच विजेवर सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. तिच्या उजेडात मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे दिसले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडून पाहावं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलता येतो. अकोल्याच्या मे महिन्यात भरदुपारी लाइन गेली आणि काम फक्त टायपिंगचं असेल, तर ६० वर यावं. पडदा कमी वेळा रंगवावा लागल्याने बॅटरी वाचते. काही लॅपटॉपांत ‘डायनॅमिक’ पर्याय असतो, तो गरजेप्रमाणे दर स्वतःच खालीवर करतो. फोर-के टीव्ही जोडल्यावर माउस रेंगाळू लागला, तर याच ठिकाणी आकडा पाहावा. तो ३० निघाला, तर दोष बहुधा जुन्या एचडीएमआय पोर्टचा किंवा केबलचा असतो. तेव्हा टीव्हीचं रिझोल्युशन १०८० वर आणलं, की ६० हर्ट्झचा पर्याय सहसा मिळतो.