जलमग्न जहाजांचे जतन : मिशिगन सरोवरातील ‘अ‍ॅल्विन क्लार्क’च्या संदर्भात

समुद्रात बुडालेल्या लाकडी जहाजाचा मोठा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा ‘शिपवर्म’ हा मृदुकाय प्राणी होय. त्याला खारे पाणी लागते. त्यामुळे उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या थंड, गोड्या पाण्यात एकोणिसाव्या शतकातील अनेक जहाजे डोलकाठ्यांसह शाबूत आढळतात. मात्र हे शाबूतपण काहीसे फसवे असते. ‘अ‍ॅल्विन क्लार्क’चा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

१८४६ मध्ये बांधलेले हे मालवाहू शिडाचे जहाज १८६४ मध्ये मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या भागात वादळात सापडून बुडाले. १९६७ मध्ये त्याचा शोध लागला व १९६९ मध्ये ते अखंड वर काढण्यात आले. आतील पाणी उपसताच ते चक्क तरंगू लागले. पुढे मेनॉमिनी येथे ते प्रदर्शनार्थ ठेवण्यात आले आणि तेथेच त्याचा ऱ्हास झाला. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशीभित्तिका क्षीण झालेल्या असतात. आत भरलेले पाणीच त्यांना आधार देत असते. लाकूड वाळू लागले की पेशी आकसतात, तडे जातात, बुरशी धरते. स्वीडनने १९६१ मध्ये वर काढलेल्या ‘वासा’ जहाजावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फवारणी सुमारे १७ वर्षे चालू होती. ‘अ‍ॅल्विन क्लार्क’साठी एवढा निधी कोणी उभा केला नाही. पाण्याखाली १०५ वर्षे टिकलेले हे जहाज वर काढल्यानंतर २५ वर्षांनी, १९९४ मध्ये, मोडून टाकावे लागले.

म्हणूनच अवशेष जागेवर ठेवून त्यांच्या नोंदी घेण्याकडे अभ्यासकांचा कल वाढला. युनेस्कोच्या २००१ च्या करारानेही मूळ स्थानी जतन हाच प्रथम पर्याय मानला आहे. अमेरिका या करारात सहभागी नाही; तथापि याच सरोवराच्या विस्कॉन्सिन किनाऱ्यालगत २०२१ मध्ये जहाज-अवशेषांसाठी राष्ट्रीय अभयक्षेत्र घोषित झाले.

परंतु मूळ जागाही आता निर्धोक राहिलेली नाही. परदेशी जहाजे समतोलासाठी टाक्यांत जे पाणी भरून आणतात, त्यावाटे १९८० च्या दशकात झेब्रा आणि पाठोपाठ क्वागा जातीचे शिंपले या सरोवरांत शिरले. त्यांचे थरावर थर लाकडावर बसतात, भार वाढतो, लोखंडी खिळे लवकर गंजतात, कोरीव तपशील झाकले जातात. शिंपले खरवडावेत, तर त्यांच्या चिवट तंतूंबरोबर लाकडाचा पृष्ठभागही निघून येण्याची भीती असते. त्यामुळे सोनार यंत्रणा व पाण्याखालील छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्याचे काम हे शिंपले साचण्याच्या वेगाशी स्पर्धा करीत करावे लागत आहे.