१८० ची रेघ

सकाळी सात वाजता ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये स्टीलचं भांडं फरशीवर ठेवलं जातं आणि घरातली सगळी माणसं जागच्या जागी थांबतात. राणी, नऊ वर्षांची पांढरी पॉमेरियन, भांडं हुंगते. आजींच्या हातात इन्सुलिन भरलेली सिरिंज तयार असते, पण त्या टोचत नाहीत. ‘खा गं बाई,’ एवढंच म्हणतात. इन्सुलिन गेलं आणि कुत्रीनं अन्नावरून तोंड फिरवलं, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून आधी खाणं, मग सुई. नाहीच खाल्लं, तर डॉक्टरांना फोन. हे हुंगण्याचं अर्धं मिनिट या घरात रोज दोनदा येतं, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला.

कुत्र्यांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप १ मधुमेहासारखा असतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. त्यामुळे गोळ्या, कारल्याचा रस किंवा मेथीचं पाणी यांनी भागत नाही, इंजेक्शनंच घ्यावी लागतात आणि तीही बहुधा आयुष्यभर. राणी अचानक पाण्याचं भांडं तासातासाला रिकामं करू लागली, घरात लघवी करू लागली आणि भरपूर खाऊनही वाळत गेली, तेव्हा हे निदान झालं.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कागदावर एक आडवी रेघ मारून तिच्याशेजारी १८० हा आकडा लिहिला. कुत्र्याचं मूत्रपिंड रक्तातली साखर गाळतं आणि परत शोषून घेतं, पण पातळी साधारण १८० ते २२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ते अपुरं पडतं. धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी वाहावं, तशी साखर लघवीत उतरते, सोबत पाणीही ओढून नेते. मग तहान लागते. तो कागद आता फ्रिजच्या दारावर आहे आणि घरात कुणीही ‘आज शुगर किती?’ असं विचारत नाही. ‘१८० च्या आत का?’ असंच विचारतात.

दिवसभर ही रेघ सांभाळणं तितकं अवघड नाही. खरी परीक्षा जेवणानंतरच्या दोन-तीन तासांची. भात, पोळी, बिस्किट यांतला स्टार्च भराभर पचून साखर रक्तात येते, तर त्वचेखाली टोचलेल्या मध्यम गतीच्या इन्सुलिनचा जोर यायला वेळ लागतो. या मधल्या फटीत साखर उसळी मारते. कुत्र्यांसाठी बनवलेल्या ‘कॅनिन्सुलिन’ या डुकराच्या इन्सुलिनमध्ये यावरच उपाय आहे. त्यातला ३० टक्के भाग लवकर विरघळतो, उरलेला ७० टक्के सावकाश. शिवाय डुकराचं आणि कुत्र्याचं इन्सुलिन रचनेनं तंतोतंत सारखं असतं.

तरीही औषधाच्या जोडीला भांड्यालाही काम करावं लागतं. आजी दोन्ही वेळचं अन्न स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजतात. तंतुमय पदार्थ जास्त असलेलं तेच खाणं, तेवढंच वजन, तीच वेळ. तंतूंमुळे पोट हळू रिकामं होतं आणि साखरेची चढण सौम्य होते. जेवण रोज बदललं, तर इन्सुलिनचा डोस नेमका कशासाठी ठरवायचा, हेच कळत नाही.

राणीच्या मानेजवळ थोडे केस कापून मध्यंतरी साखर मोजणारा सेन्सर लावला होता. मोबाइलवर आलेखाची रेषा दिसू लागली तशी घरात धाकधूक वाढली. एकदा न्याहारीनंतर आकडा १८० च्या बराच वर गेला आणि घरातल्या तरुण मंडळींनी लगेच डोस वाढवायचा धोशा लावला. डॉक्टरांनी नकार दिला, तो योग्यच होता. एका आकड्यावर डोस हलवायचा नसतो. कधीकधी इन्सुलिन जास्त झाल्यानं साखर फार खाली जाते, शरीर घाबरून साठवलेली साखर रक्तात सोडते आणि मग आकडा उंच दिसतो. अशा वेळी डोस वाढवणं म्हणजे जनावराच्या जिवाशी खेळणं. म्हणून बारा तासांचा पूर्ण आलेख पाहतात. जेवणानंतरची थोडी उसळी चालते. सर्वांत खालचा आकडा ८० च्या खाली जाता कामा नये.

सिरिंजच्या बाबतीतही असंच डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही शक्तींच्या मिळतात. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरलं, तर डोस अडीच पट होतो.

सर्वांत कठीण काम मात्र माणसांना आवरण्याचं. चहात बुडवलेलं बिस्किट, गणपतीतल्या मोदकाचा तुकडा, शेजाऱ्यांनी मायेनं दिलेली जिलेबी, हे सगळं आजींनी ठामपणे बंद केलं. त्यासाठी त्यांना कठोर म्हणणारे नातेवाईक चुकतात. ‘शुगर-फ्री’ पदार्थ तर त्याहून घातक. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर झपाट्यानं कोसळते आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

राणीच्या डोळ्यांत आता मोतीबिंदूची दुधी छटा आहे. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना तो होतो, अनेकदा वर्षभरातच. तिची नसबंदीही निदानानंतर झाली. माजानंतर वाढणारं प्रोजेस्टेरॉन इन्सुलिनला नीट काम करू देत नाही, हे घराला उशिरा समजलं.

१९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करूनच इन्सुलिन शोधलं. माणसांना जगवणारं हे औषध कुत्र्यांच्या जिवावर मिळालेलं आहे. तेव्हा तुमचा कुत्रा अचानक खूप पाणी पिऊ लागला किंवा खाऊनही वाळू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, रक्त आणि लघवी तपासून घ्या. मधुमेह निघालाच, तर आधी वजनकाटा आणा आणि जेवणाची वेळ पक्की करा. डोस मनानं बदलू नका. मादी असेल आणि पिल्लं नको असतील, तर नसबंदी वेळेवर करून घ्या.